बत्तीवाल्याचं लायसन

१२ डिसेंबर १९६०

ही वही रॉकेलच्या रिकाम्या डब्यात ठेवायची ठरवली आहे. तुळसाला वाचता येत नाही, पण वही कशाला घेतलीत असं ती नक्की विचारील, आणि बायकोला उत्तर देत बसायची मला सवय नाही.

आज बाजारात पक्की बातमी कळली. मालवणात वीज येणार. खांब घाट उतरून कणकवलीकडे यायला लागलेत, वर्ष-दीड वर्षात इथं पोचतील. लोक असे खुशीत सांगत होते की जणू घरचं लग्न ठरलं. माझं तोंड कडू झालं. मी हरिश्चंद्र विठोबा तोंडवळकर, वय एक्केचाळीस, धंदा गॅसबत्त्या भाड्यानं देणं आणि दुरुस्त करणं. मालवणापासून कुणकेश्वरापर्यंत लग्न असो, जत्रा असो, दशावतारी नाटक असो, उजेड माझा. बावीस बत्त्या आहेत. बत्तीचा नुसता आवाज ऐकून मी सांगतो, पिन चोंदली आहे की पंपाचा वॉशर सुकला आहे. असा माणूस ह्या किनाऱ्यावर दुसरा नाही असं लोक म्हणतात. मीही म्हणतो.

वीज आली की बावीसच्या बावीस माळ्यावर जाणार. म्हणून वायरमनची परीक्षा द्यायची. लायसन असल्याशिवाय कुणाच्या घरात वायर ओढता येत नाही, तसा सरकारी नियमच आहे. परीक्षा कोल्हापुरास, वर्षातून दोनदा, मार्चात आणि ऑक्टोबरात. सातवीची मराठी फायनल मी पहिल्या झटक्यात पास झालो होतो. ही अशी काय मोठी लागून गेली?

तुळसा म्हणाली, "करा. उजेड करूचो धंदो तुमचो, तो दुसऱ्यान कित्याक करूचो?" बाबा घरापुढच्या खळ्यात बसून जाळ्याला गाठी मारत होते. त्यांना सांगितलं तर मान वर न करता म्हणाले, "बरा." माझ्या वाट्याला बाबांचे दिवसाला चार-पाच शब्द येतात. त्यातला एक आज परीक्षेवर खर्च झाला.

२० जानेवारी १९६१

आज भांडण. तुळसा माहेरी तोंडवळीस गेली होती, म्हणून बाजारातून बांगडे मी घेऊन आलो. कल्ला उघडून, बघून घेतले. लाल कल्ला म्हणजे ताजा मासा, हे लहानपणी बाबांनीच शिकवलेलं. तुळसा परत आली, तिनं एक बांगडा उचलला, कल्ला उघडला आणि माझ्या तोंडाकडे बघितलं.

"ह्यो कसलो कल्लो म्हणायचो?"

"लाल आसा की."

तिनं बांगडा परत टोपलीत ठेवला. मासळी विकणाऱ्यांची लेक, माशावरून गप्प बसणारी नव्हे. पण एवढंच हळूच म्हणाली, "बाजारात मी जातलंय. तुमी तुमच्या बत्त्ये बघा." अर्धे बांगडे परसात पुरले. उरलेल्यांची कढी झाली. जेवताना बाबांनी विचारलं, "ह्या म्हावरा कोणी हाडल्यान?" माझं नाव ऐकलं आणि वाटी बाजूला सारली. दर्यावर जन्म काढलेल्या घरात मुलगा शिळं म्हावरं आणतो, ही बाबांना नामुष्की वाटते. विकणारीनं फसवलं असेल, तर त्यात माझा काय दोष?

१५ फेब्रुवारी १९६१

कुणकेश्वरची यात्रा उरकून आलो. चौदा बत्त्या नेल्या होत्या, एकही विझली नाही. देवळाच्या पायऱ्यांपासून वाळूपर्यंत लख्ख उजेड. एक म्हातारी म्हणाली, "बत्तीवाल्यानू, तुमच्या उजेडात माका माझी हरवलेली नात गावली." छाती फुगली. खोटं कशाला लिहू.

पण वाळूवर बसलो असताना लांब आगबोटीचा दिवा दिसला आणि जुनं सगळं वर आलं. पंधरा वर्षांचा होतो. बाबांच्या होडीत नाळेवर, पुढच्या टोकाला, मला बसवलं होतं, दिवे बघायला. आगबोटीच्या डाव्या अंगाला लाल दिवा असतो, उजव्या अंगाला हिरवा. कुठला दिसतो त्यावरून ती कुठे चालली ते कळतं. दिवेलागणीची वेळ होती. मी हिरवा सांगितला, बाबांनी सुकाणू फिरवलं, आणि आगबोट थेट आमच्या अंगावर. चार हातांवरून गेली. बाबा मला एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून होडीत घेतलं नाही. तांडेलाचा झील, होडीच्या म्होरक्याचा मुलगा मी, बत्त्या पुसायला लागलो. दिवा हिरवाच होता. निदान मला तो तसाच दिसला होता.

१९ मार्च १९६१

कोल्हापुरातून परत. बरोबर कणकवलीचा शंकर होता, रेडिओ दुरुस्त करणारा. एस. टी.त सबंध वाट मी त्याला शिकवत गेलो, कारण पुस्तक मला तोंडपाठ आणि त्याला अर्धंही येत नव्हतं.

तोंडी परीक्षेत साहेबांचा प्रश्न पुरा व्हायच्या आधीच मी उत्तर सांगितलं. नंतर कामाची परीक्षा. लाकडी बोर्डावर दोन बटणं, एक दिवा, एक प्लग जोडायचा. लाल वायर वीज आणणारी, तिला फेज म्हणतात, काळी परत नेणारी, हिरवी जमिनीत जाणारी, म्हणजे अर्थिंगची. तासाभरात जोडलं. हात कसा चालतो ते बघायला दोघं आपलं काम सोडून उभे राहिले. साहेबांनी तपासलं आणि चेहरा बदलला. म्हणाले, "तुम्ही अर्थिंगच्या जागी फेज जोडली आहे. ह्या प्लगवर कुणा बाईनं इस्त्री लावली, तर इस्त्रीला हात लावताक्षणी मरेल ती."

नापास. परीक्षेच्या शेडमध्ये उजेड नव्हता. माझी एक बत्ती टांगली असती तरी पुरली असती. आणि वायरी इतक्या मळक्या की सगळ्या सारख्याच. शंकर पास झाला. परतताना सबंध वाट तो मला शिकवत आला.

१० मे १९६१

परसातल्या रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या झाडाखाली उभा राहून मी तुळसाला सांगितलं, "औंदा ह्या झाडाक काय नाय." त्याच झाडाचे तिनं दोन टोपल्या पिकून लाल झालेले रातांबे काढले, रसाचं आगळ झालं, सालींची सोलं वाळत पडली. मी म्हटलं, पानाआड होते. ती म्हणाली, "होय, पानाआड." हसली नाही. एरवी असल्या गोष्टीवरून तिनं मला चार दिवस चिडवलं असतं.

अभ्यास चालू आहे. आता पुस्तकातल्या पानांवरची चित्रंसुद्धा पाठ झाली.

२२ ऑक्टोबर १९६१

हे लिहावंसं वाटत नाही. पण लिहितो, कारण बोलण्यासारखं कुणी नाही.

कोल्हापुरास परत तेच साहेब. परत तीच चूक, पण ह्या वेळी शेड नवीन, मोठ्या खिडक्या, भर दुपारी ऊन आत. साहेब रागावले नाहीत. खिशातून वायरीचे दोन तुकडे काढून हातावर ठेवले. म्हणाले, "तोंडवळकर, हे दोन एका रंगाचे की वेगळे?"

मी म्हटलं, "एकाच."

"एक काळा आहे. एक लाल आहे." मग हिरवा तुकडा काढला, एक तपकिरी काढला. मला ते दोन्ही गवतासारखे दिसले. शेवटी साहेब हळू आवाजात म्हणाले, "तुम्हाला लाल रंग दिसत नाही. जन्मापासूनच असणार. कुणी सांगितलं नाही कधी?"

मी त्यांच्या तोंडावर म्हणालो, की तुम्ही घाटावरचे लोक आम्हा कोकण्यांना मुद्दाम पाडता. फार वाईट बोललो. ते ऐकून घेऊन म्हणाले, "मार्चात येणार आहात का?" मी पिशवी उचलून निघालो. एस. टी. चुकली. आमटीभात खाल्ला तो कसा होता तेही आठवत नाही.

२५ ऑक्टोबर १९६१

घरी नापास एवढंच सांगितलं. आज बाजारातून फिरलो. मिरच्या, कुंकू, कुणाचं लुगडं, गणपतीच्या देवळाची पताका. आजवर हे सगळे रंग मी लोकांकडून ऐकून ओळखत आलो की काय? कुंकू लाल असतं, म्हणून मी ते लाल म्हणत आलो. कुणी न सांगता काय दिसतं? धूळ दिसते.

१२ नोव्हेंबर १९६१

दिवाळी झाली. तुळसाची भावंडं आली होती, फराळ झाला, मी हसून वेळ काढली. सगळे गेल्यावर आज बाबांपाशी खळ्यात जाऊन बसलो. ते जाळं दुरुस्त करत होते. मी सुतळीचं टोक धरलं. आम्ही दोघं असे एका कामाला बसून सव्वीस वर्षं झाली.

मी म्हटलं, "बाबा, त्या दिवसा आगबोटीचो दिवो लाल होतो ना?"

ते थांबले. "होय."

"माका तो दिसलोच नाय तसो. कोल्हापूरच्या सायबान सांगितल्यान, माझ्या डोळ्यांका लाल दिसनाच नाय. कधीच दिसलो नाय."

बाबांनी सुई जाळ्यात खोवून ठेवली. म्हणाले, "माका वाटला, तुजो डोळो लागलो. निजलंस आणि मगे कायतरी ठोकून दिलंस. चार माणसांचो जीव होतो त्या होडयेत." मग परत, "सव्वीस वर्षां माका ताच वाटला रे."

मला रडू आलं. बाबांनी जाळं माझ्या मांडीवर सरकवलं आणि म्हणाले, "धर. हय गाठ मार." मी मारली. ती चुकली, त्यांनी सोडवली आणि परत मारायला लावली. पंधराव्या वर्षी अर्धवट राहिलेलं शिक्षण बाबांनी आज पुढं चालू केलं.

१४ डिसेंबर १९६१

शंकर मालवणात आला होता, हातात मापाची टेप, मागे दोन माणसं. खांब कणकवलीच्या पुढे आले. दुकानांची वायरिंगची कामं तो आत्तापासून ठरवतोय. मला म्हणाला, "हरीभाऊ, बत्त्ये आता मोडीत घाला. माझ्या हाताखाली येवा, रोजावर. वायरी मी दाखवतंय, तुमी पट्टी ठोका." माणूस वाईट नाही. मनापासून म्हणाला, आणि म्हणूनच झोंबलं. ज्याला मी एस. टी.त बसून फ्यूज म्हणजे काय ते शिकवलं, त्याच्या मागून मी भिंतीवर वायरीच्या पट्ट्या ठोकायच्या.

घरी येऊन तुळसाला सगळं सांगून टाकलं. डोळ्याचंसुद्धा. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली.

"माका म्हायत आसा," म्हणाली.

"कधीपासून?"

"लगीन झाला त्या वर्सापासून. तुमी हातात घालूक हिरव्या बांगड्ये म्हणान हाडलास, त्ये लाल. मगे म्हावऱ्यार बघलंय, रातांब्यार बघलंय."

मला राग आला. म्हटलं, बोलली का नाहीस. तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "बोलान काय तुमका रंग दिसणार होतो? तुमी चार माणसांत मान ताठ करून चलतास, ता माका बरा दिसता." मी पाट ओढून बसलो आणि भाकरी खाल्ली.

१७ डिसेंबर १९६१

तुळसानं पहाटे उठवून दांड्यावर नेलं, होड्या लागतात तिथं. लिलाव चालू होता. चांगलाच काळोख, कुठंतरी एक कंदील. बायका टोपल्यांत हात घालून मासे उचलत होत्या, दाबत होत्या, हुंगत होत्या आणि भाव बोलत होत्या. तुळसा म्हणाली, "हय कल्ल्याचो रंग कोणाक दिसता? माझ्या आवशीन जन्मभर असोच म्हावरा घेतल्यान." तिनं माझं बोट धरून एका सुरमईच्या पाठीवर दाबलं. "खळगो बघा. भरलो? मगे ताजी." दुसरीवर दाबलं. खळगा तसाच राहिला. "ही कालची. डोळे जे सांगतत ता बोटाक इचारून घेवचा."

मी तिथंच वाळूत बसलो. तिला वाटलं चक्कर आली. चक्कर नव्हती. मी वायरीचा विचार करत होतो. वायरीला पण विचारता येईल की. रंग कशाला बघायचा?

२ जानेवारी १९६२

जमलं. टॉर्चचा एक सेल, टॉर्चचा बारका दिवा, दोन तारा. वायरीच्या एका टोकाला एक तार लावायची, दुसऱ्या टोकाला दुसरी. दिवा लागला तर ती एकच वायर, नाही लागला तर वेगळी. मग वीज कुठून येते ते विजेच्या मोठ्या दिव्यानं तपासायचं. खात्री पटली की वायरीला दोरा बांधायचा. वीज आणणारीला एक गाठ, परत नेणारीला दोन, जमिनीत जाणारीला तीन. दोन्ही टोकांना.

दोरा बाबांनी दिला, जाळ्याचा, मेण लावलेला. म्हणाले, "ह्यो पावसात कुजाचो नाय." गाठ कशी मारायची ते मला पुन्हा दाखवलं. आता माझी गाठ चुकत नाही. काळोखात बोट फिरवून सांगतो, किती गाठी ते.

१८ मार्च १९६२

परीक्षा झाली. निकाल पोस्टानं येणार.

शेडमध्ये पाय ठेवला तोच साहेबांपाशी गेलो. ऑक्टोबरात बोललो त्याची माफी मागितली. मग आठ उमेदवारांच्या देखत म्हणालो, "साहेब, मला रंग दिसत नाहीत. मी रंगावर काम करत नाही. कसं करतो ते बघा आणि मग काय ते ठरवा." आयुष्यात एवढं जड वाक्य मी बोललो नव्हतो. मागं कुणीतरी हसलं. साहेब म्हणाले, "मला माहीत आहे. बसा."

ह्या वेळी पहिल्या बोर्डाबरोबर एक दुसराही बोर्ड होता, तो आधी कधी नव्हता. लोखंडी नळीत एका बाजूनं तीन वायरी जात होत्या, दुसऱ्या बाजूनं तीन बाहेर येत होत्या. पुढं दिवा आणि प्लग जोडायचा. बाकीचे भराभर जोडून मोकळे झाले. मी सेल काढला, दिवा काढला, दोरा काढला. एकेक वायर तपासली, एकेक गाठ मारली. सगळ्यांत शेवटी मी राहिलो.

साहेब आले, माझ्या गाठींवरून त्यांनी बोट फिरवलं. म्हणाले, "ह्या बाजूनं लाल गेली आहे आणि त्या बाजूनं हिरवी आली आहे. तुम्ही तीच वायर फेज धरलीत?"

"दिव्यानं तसं सांगितलं, साहेब. रंगाचं मला विचारू नका."

नळीच्या आत कुणीतरी वायरी तोडून रंग उलटसुलट जोडले होते. आठांतल्या पाच जणांनी लालला लाल धरून प्लग जोडला होता. साहेबांनी त्यांना परत करायला लावलं. मला एवढंच विचारलं, "लोकांच्या घरात घाई असते. तिथंही असंच करणार?"

मी म्हटलं, "दिवा लावल्याशिवाय एक वायर जोडणार नाही. रात्र झाली तरी चालेल."

असला बोर्ड नेमका ह्याच वर्षी का ठेवला कोण जाणे. माझं नशीब बरं म्हणायचं.

२१ एप्रिल १९६२

पास.

पोस्टमन लखोटा घेऊन आला तेव्हा मी बत्तीची जाळी बसवत होतो. लायसनवर माझं नाव पूर्ण आहे, हरिश्चंद्र विठोबा तोंडवळकर, शिक्का, सही, नंबर. खाली शाईनं एक शेरा: 'प्रत्येक जोडणीपूर्वी चाचणी व दुहेरी खूण करण्याची पद्धत उत्तम.' उत्तम. सरकारी कागदावर. मी तो कागद तुळसाला तीनदा वाचून दाखवला. चौथ्यांदा तिनं मागितलं म्हणून वाचला. मग बाबांना नेऊन दिला. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी कागद हातात धरला, विठोबा हा शब्द कुठे आहे ते विचारलं आणि त्यावर बोट ठेवून बसले.

२७ मे १९६२

वीज आली. गेल्या पंधरवड्यात अकरा घरं केली. शंकरनं स्वतः येऊन मला एका पेढीवर नेलं. दोन दिवस त्याला तिथल्या वायरिंगमधला दोष सापडत नव्हता. मला अर्ध्या तासात सापडला. सेल आणि दिवा बघून तो म्हणाला, "माकाय ह्या शिकवा." म्हटलं, "एस. टी.त बसाया कधीतरी." माझ्या गाठी आता बाजारात माहीत झाल्यात. बायका बटणाखाली हात घालून मोजतात आणि म्हणतात, हरीभाऊंची वायरिंग आहे.

आज पहाटे एकटाच दांड्यावर गेलो, कुणाला न सांगता. पाऊस लागला की होड्या वर ओढतील, मग म्हावरं कुठलं. टोपलीत हात घातला, दाबलं, हुंगलं, एक टाकली, दुसरी टाकली, तिसरी घेतली. चांगली हातभर सुरमई.

घरी आणून तुळसासमोर ठेवली. तिनं कल्ला उघडला. बघितलं. माझ्याकडे बघितलं. आदोळीवर, म्हणजे विळीवर बसली आणि कापायला घेतली.

दुपारी आपल्या घरच्या पहिल्या दिव्याखाली जेवायला बसलो. भर दुपारी दिव्याची गरज नव्हती, पण मी लावला, माझं घर, माझी वायरिंग. बाबांनी पहिला घास घेतला आणि विचारलं, "कोणी हाडल्यान?"

तुळसा म्हणाली, "तुमच्या झिलान."

बाबांचा हात थांबला. मी माझ्या पानाकडे बघत राहिलो. त्यांनी तुकडी संपवली, काटा काढून कडेला ठेवला आणि पान पुढं सारलं.

"आणि एक घाल," म्हणाले. "हरीन हाडलेली."